परड्यातल्या तणांचा इतिहास

आपल्या रेडिओवर 'आपला इतिहास आपल्याच तोंडून' या भागात आज आम्ही एका परड्याची गोष्ट सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. पण घराच्या मागल्या दारीही इतिहास उगवलेला असतो. आम्हाला तो खुरपं हातात घेतल्यावर कळला.

आमचा गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला. गावात आमचे अकरा बचत गट आहेत आणि अकरा गटांचा मिळून एक ग्रामसंघ. इतकी वर्षं आमच्या बैठका देवळाच्या मंडपात व्हायच्या. लग्नसराई आली की मंडप जायचा आणि आम्ही शाळेच्या ओट्यावर यायचो. वह्या एकीच्या घरी, पेटी दुसरीच्या घरी, शिलाई मशिनं तिसरीच्या ओसरीवर. मागल्या वर्षी जुन्या गावठाणातलं एक बंद घर आम्हाला भाड्यानं मिळालं. घरची माणसं पुण्याला स्थायिक झालेली. घर पंधरा वर्षं बंद. भिंती दगडी, वर पत्रा आणि मागं सात-आठ गुंठ्यांचं परडं.

घर आम्ही दोन दिवसांत झाडून, सारवून काढलं. मागलं दार मात्र उघडेना. सहाजणींनी ढकललं तेव्हा कुठं हातभर उघडलं. पलीकडं नुसतं रान. छातीएवढं गाजरगवत, कुंपणाला घाणेरी, मधोमध वेड्या बाभळीची चार-पाच झाडं आणि वर वाळलेल्या वेलांचं जाळं. विहीर आहे असं ऐकलं होतं, पण ती दिसतच नव्हती.

त्याच दिवशी आमच्यात पहिला वाद झाला. निम्म्याजणी म्हणाल्या, जेसीबी बोलवा, तासाभरात साफ. काहीजणी म्हणाल्या, तणनाशक मारा, आठ दिवसांत जळून जाईल. जेसीबीचे पैसे गटाच्या खात्यातून जाणार, आणि तणनाशक विहिरीशेजारी मारायचं म्हणजे जिवाला घोर. तेवढ्यात गल्लीतल्या थोरल्या आजी काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढं. दारातून त्यांनी बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाल्या, "पोरींनो, काढायच्या आधी काय काय हाय ते बघा तरी. हे परडं एका बाईनं उभं केलंय."

म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. वाट करत करत एकेक झाड बघायचं, नाव लिहायचं, आजींना विचारायचं. गटातल्या शिकलेल्या मुलींनी तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली. त्या वहीतूनच हा आजचा भाग तयार झाला.

सुरुवात गाजरगवतापासून, कारण वाटेत पहिलं तेच आडवं आलं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. आपल्या सगळ्यांना वाटतं की हे गवत कायमचंच आहे. पण आजी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी हे नव्हतं." आणि आजींचं बरोबर आहे. हे गवत मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. आपल्याकडं ते ठळकपणे नजरेत आलं ते १९५५ साली, तेही पुण्यात, कचऱ्याच्या ढिगांवर. तिथून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते देशभर गेलं. एका झाडाला हजारो बिया धरतात. एवढ्या बारीक बिया वाऱ्यानं, पाण्यानं, गाडीच्या चाकांना लागून कुठंही जातात.

आपल्याकडं सर्रास सांगतात की अमेरिकेतून पीएल ४८० चा गहू आला आणि त्यातून हे बी आलं. आम्हीही तसंच लिहिणार होतो. मग तारखा मांडून बघितल्या. पीएल ४८० खाली गहू देण्याचा भारताशी पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. गवत दिसलं १९५५ मध्ये. म्हणजे त्या कराराच्या गव्हानं ते पहिल्यांदा आणलं हे काही जुळत नाही. अमेरिकेचा गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, त्यातून आलं असेल किंवा नंतरच्या गव्हातून आणखी बी आलं असेल. आणि या गवताच्या एकोणिसाव्या शतकातल्या तुरळक नोंदीही आपल्या देशात आहेत. सांगायचा मुद्दा एवढाच की सगळे म्हणतात म्हणून गोष्ट खरी होत नाही. गटाचा हिशेब आपण पावती बघून लिहितो, तसा इतिहासही तारीख बघून लिहावा.

गाजरगवतानं आम्हाला लगेच धडाही शिकवला. आमच्यातल्या एका वहिनींनी पहिल्या दिवशी उघड्या हातांनी भाराभर उपटलं. रात्री हातावर, मानेवर पुरळ आलं, डोळे सुजले. पंधरा दिवस औषध चाललं. मैत्रिणींनो, हे गवत अंगाला बाधतं आणि काहींना त्यानं दम्याचा त्रास होतो. जनावरानं खाल्लं तर दूध कडू लागतं. म्हणून हातमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधावी, तोंडाला पदर घट्ट गुंडाळावा, पाऊस पडून जमीन मऊ झाल्यावर मुळासकट उपटावं आणि ते फुलावर येण्याआधी उपटावं. फुलाआधी उपटलेलं खड्ड्यात घालून खत करता येतं. फुलं आल्यावर तेच खत म्हणजे पुढल्या वर्षीची पेरणी. ज्यांना दमा आहे त्यांनी या कामाला जाऊच नये.

दुसरी घाणेरी. तिला टणटणीही म्हणतात. लाल-पिवळी, गुलाबी फुलं, खरखरीत पान, उग्र वास. ही तर चक्क शोभेसाठी आणलेली. इंग्रजांच्या कंपनीनं कलकत्त्याजवळ मोठी वनस्पती बाग केली होती. तिथं १८०० नंतरच्या पहिल्या दशकात ही अमेरिकेकडची फुलझाडं लावली गेली. साहेबांच्या बंगल्यांना कुंपण म्हणून ती हौसेनं लावायचे. पाखरांनी काळी फळं खाल्ली आणि बी डोंगरोडोंगरी नेलं. आज आपल्या देशातली जंगलंच्या जंगलं तिनं भरलीत. तिच्याखाली गवत येत नाही, म्हणजे गुरांची वैरण गेली. आणि पाला खाल्ला तर शेळी-गाय आजारी पडते, कावीळ होते, उन्हात कातडी सोलपटते. ज्या बाईचा संसार दोन शेळ्यांवर आहे, तिच्यासाठी ही शोभा फार महागात पडलेली आहे.

तिसरी वेडी बाभूळ. तिच्यावरून आमच्यात दुसरा वाद झाला. हिचंही मूळ अमेरिकेकडचं. १८७७ च्या सुमारास हिचं बी आपल्या देशात मुद्दाम आणलं गेलं. कोरड्या, खारवट जमिनीत काही तरी हिरवं उभं राहावं आणि जळण मिळावं म्हणून. तेवढं काम तिनं केलं, पण मग ती थांबलीच नाही. गायरानं, ओढे, पडीक जमिनी तिनं व्यापल्या. बहुतेकजणी म्हणाल्या, मुळासकट काढा. पण आमच्या गटातल्या एक काकू, ज्यांना स्वतःची जमीन नाही, त्या गप्प बसलेल्या. विचारल्यावर म्हणाल्या, "तुमच्याकडं बांधावरची लाकडं आहेत. गॅसची टाकी संपली की माझी चूल हिच्यावरच पेटते. तुम्हाला ती वेडी, मला ती शहाणी."

सगळ्या गप्प झालो. एकाच झाडाचे दोन इतिहास असतात, हे त्या दिवशी आम्हाला समजलं. ज्याच्या रानात ते घुसलं त्याचा एक आणि ज्याला रानच नाही त्याचा दुसरा. मग ठरलं की झाडं काढायची, पण लाकूड विकायचं नाही. ज्या चार घरांत जळण लागतं त्या घरांना वाटून द्यायचं. काढताना काट्यांनी तिघींच्या पायांत कुरूप झालं. जमिनीखाली हातभर खोल खोदून बुंधा काढावा लागतो, नाहीतर वरचं कापलं की तेवढ्याच जोमानं ती पुन्हा फुटते.

बाभळीच्या लाकडावरून विषय निघाला आणि आजी १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलू लागल्या. त्या वर्षी त्या ऐन तिशीत होत्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या, पाठीला लेकरू बांधून. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. दुष्काळी कामांतूनच पुढं आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. या योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्याच जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी तिचा सुरुवातीचा प्रयोग केला होता. हे आपण शाळेत शिकतो. पण त्या खडीवर बसलेल्या निम्म्याहून अधिक बाया संध्याकाळी घरी जाऊन काय शिजवत होत्या, हे कुठं शिकतो?

आजी म्हणाल्या, "या घरच्या बाईनं त्या साली अर्ध्या गल्लीला पाला पुरवला." शेवग्याचा पाला, टाकळा, घोळ, तांदुळजा, कुर्डू. विहिरीचं पाणी आटलेलं. तेव्हा ती मोरीचं सांडपाणी चर काढून परड्यात न्यायची. भांडी घासलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही. त्याच पाण्यावर अळू आणि शेवगा जगला. आम्ही मोरीच्या मागं गवत काढलं तर खरंच दगडांनी बांधलेली अरुंद नाली निघाली, थेट अळूच्या वाफ्यापर्यंत गेलेली. वाफ्यात अळू नव्हतं. पण नाली जशीच्या तशी होती.

आता आम्ही हळू हळू काढत होतो. गवताखालून, वेलांखालून ती बाग दिसू लागली. शेवग्याची दोन म्हातारी झाडं. एक पेरू, दोन सीताफळं. कढीपत्त्याचं तर छोटं बनच झालेलं. कुंपणाशी कोरफड, पायरीपाशी सदाफुली. तुळशीवृंदावन पडलेलं, पण आजूबाजूला तुळशीची रोपं आपोआप उगवलेली. आणि विहीर सापडली, काठावर धुण्याचा दगड, मधोमध झिजून खळगा पडलेला.

या झाडांची नावं वहीत लिहिताना आम्हाला एक गंमत कळली. आम्ही तणांना परदेशी, परकी म्हणून नावं ठेवत होतो. पण पेरू तरी कुठला? हे फळ अमेरिका खंडातलंच. सीताफळाला आपण सीतामाईचं नाव दिलं, पण तेही मूळचं अमेरिकेकडचं. पपई, मका, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणा, काजू, सगळे तिकडचे. एवढंच काय, आपली मिरची! कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेकडं पोचला, वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला, आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी आणि आलं. अकबर बादशहाच्या काळात लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त मुदपाकखान्याची सविस्तर माहिती आहे, पण त्यात मिरची नाही. ज्ञानेश्वरांच्या काळात आळंदीत ठेचा नव्हता, असं आम्ही गटात म्हटलं तर कुणाचा विश्वासच बसेना.

दसऱ्याचा झेंडू? तोही मेक्सिकोचा. सदाफुली आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाची. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं तयार होतात, पण मैत्रिणींनो, पानं खाऊ नका, ती विषारी असतात. औषध कारखान्यात होतं, परड्यात नाही. आणखी मागं गेलं तर आपली ज्वारी-बाजरीही काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आली, चिंचही तिकडचीच. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. तिथलं मुख्य धान्य होतं जव. ज्या धान्याला आपण आज फारसं ओळखतही नाही, त्याची भाकरी आपल्याच मातीत माणसं खात होती. तूर, कढीपत्ता, शेवगा ही मात्र आपल्या देशातलीच.

आमच्यातली एक नवी सून, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही, हे सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे परगावाहून आलेलं सगळंच वाईट नसतं तर!" सगळ्या हसल्या. पण तिचं बोलणं मनाला लागलं. आपण सगळ्याच परगावाहून आलेल्या. कुणी कुठून आलं यावरून ठरवायचं, की इथं येऊन त्यानं काय केलं यावरून? मिरची आली आणि आपल्या भाकरीची सोबतीण झाली. गाजरगवत आलं आणि त्यानं दुसऱ्या कुणाला उगवूच दिलं नाही. आम्ही वहीत दोन रकाने केले. 'देशी-परदेशी' असे नाहीत. 'सोबत जगू देणारी' आणि 'जगू न देणारी' असे.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, ती सांगितली पाहिजे. विहिरीच्या कठड्यावर जाड, वाळका वेल होता. निर्जीव समजून आम्ही तो बुडापासून तोडला आणि ढिगावर टाकला. दुसऱ्या दिवशी आजी आल्या, रिकामा कठडा बघितला आणि खाली बसल्या. तो तोंडल्याचा वेल होता. त्या बाईनं आपल्या माहेरच्या विहिरीवरून आणून लावलेला. उन्हाळ्यात वाळतो, पावसात फुटतो. आम्ही आजींना काय बोलणार? 'बघा तरी' असं त्यांनी सांगितलं होतं आणि आम्ही बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही आजींना विचारलं, "त्या बाईंचं नाव काय होतं?"

आजी आठवत बसल्या. थोरलीची जाऊ. अमक्याची आई. तमक्या गावची लेक. नातं सगळं आठवलं, नाव आठवेना. म्हणाल्या, "नावानं कोण हाक मारत होतं ग आम्हाला?"

मग आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. गावठाणातल्या घरांची नोंद असते ती नमुना ८ मध्ये. ग्रामसेवकांनी जुन्या नोंदवह्या काढून दाखवल्या. या घराच्या नोंदीत आधी तिच्या सासऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. मध्ये ती पन्नास वर्षं या घरात राबली. विहिरीवरचा दगड तिच्या धुण्यानं झिजला. दुष्काळात तिनं गल्ली जगवली. कागदावर ती कुठंच नाही.

शेवटी तिच्या मुलाला पुण्याला फोन केला. त्यांनी आईचं नाव सांगितलं, आणि बोलता बोलता म्हणाले, "हे सासरचं नाव. माहेरचं मला माहीत नाही." लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात. ताट हलवलं की जुनं नाव गेलंच. घरच्यांचा मान राखून ते नाव आम्ही रेडिओवर सांगत नाही, मासिकातही छापत नाही. पण परड्याच्या दाराशी लाकडी पाटीवर ते आम्ही रंगवलंय.

मैत्रिणींनो, हे एका बाईचं झालं. पण आपलं काय? हा प्रश्न गटात निघाला आणि त्या महिन्याची बैठक रात्रीपर्यंत चालली. बायकांच्या नावाचा हा प्रश्न काही आज पहिल्यांदा निघालेला नाही. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, तेव्हा लाखाच्या घरात बाया जमल्या होत्या. पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. नवऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा स्वखुशीनं बायकोच्या नावे करायचा. पुष्कळ गावांत शेकडो शेतकऱ्यांनी तसं केलं. महाराष्ट्रात १९९४ साली वारसा कायद्यात बदल होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क मिळाला. तो त्या आधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. मग ९ सप्टेंबर २००५ पासून तो हिंदू वारसा कायद्यात सगळ्या देशासाठी आला, लग्न झालेल्या मुलींनाही. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही.

पण हा हक्क लेकीचा, माहेरच्या मिळकतीतला. सासरच्या घरावर नाव लागायचं तर नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नोंद करून घ्यायची. तसा अर्ज ग्रामपंचायतीला देता येतो. नमुना ८ हा घरपट्टीचा कागद, तो मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हेही समजून घ्या. तरीसुद्धा कुठल्या तरी सरकारी वहीत या घरात ही बाई राहते असं लिहिलेलं असणं ही साधी गोष्ट नाही. आमच्या अकरा गटांत आम्ही मोजणी केली. दोघांचं नाव असलेली घरं निघाली फक्त नऊ. त्यातही तिघींना आपलं नाव लागलंय हेच माहीत नव्हतं.

ही बैठक गोड झाली असं आम्ही म्हणणार नाही. एकजण म्हणाली, घरी विचारलं तर मला विचारतील, नांदायचं नाही का? दुसरी म्हणाली, नाव नको, भांडण नको. कुणावर जबरदस्ती केली नाही. ज्यांना जमेल त्यांनी अर्ज करायचे ठरले. आतापर्यंत सतराजणींचे अर्ज गेलेत. चौघींच्या नोंदी झाल्यात.

परड्याचाही असाच एक प्रश्न होता. साफसफाई आपण करायची, आणि बाग फुलली की मालकानं घर परत मागितलं तर? बायकांच्या कष्टाचं असं खूपदा होतं. म्हणून मालकांशी बोलून पाच वर्षांचा भाडेकरार लेखी केला. जुन्या झाडांच्या फळांतला चौथा हिस्सा मालकांचा. आम्ही लावलेल्या भाजीवर पूर्ण हक्क आमचा. करार मोडला तर सहा महिने आधी सांगायचं. तुमच्या गटानंही दुसऱ्याच्या जागेवर काही उभं करायचं असेल तर खुरप्याआधी कागद करा.

आता परड्याचं सांगतो. गाजरगवत काढलेल्या जागी आम्ही टाकळ्याचं बी टाकलं. टाकळा दाट आला की गाजरगवताला डोकं वर काढू देत नाही, आणि पावसाच्या सुरुवातीला त्याची कोवळी भाजीही मिळते. घाणेरी काढून तिथं गिरीपुष्पाच्या फांद्या रोवल्या. कुंपण होतं आणि पाल्याचं खत मिळतं. मोरीच्या नालीतली माती काढली, पाणी सोडलं, अळूचे कंद एका काकूंनी आपल्या घरून आणले. बाकीचे वाफे गटागटांत वाटून दिले. बियाणं विकत आणायचं नाही असं ठरलं. प्रत्येकीनं आपल्या घरचं एक बी आणायचं आणि ते कुणाकडून आलं ते वहीत लिहायचं. राखेत ठेवलेल्या दुधीच्या बिया आल्या, शेणात लिंपून ठेवलेलं भोपळ्याचं बी आलं, पदराच्या गाठीला बांधून आणलेला वाल आला.

हे बी राखणं म्हणजे काय, ते अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी सगळ्या देशाला दाखवून दिलंय. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी आपल्या परसबागेतून गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, "ते तर आम्ही सगळ्याच करत होतो." खरंच करत होत्या. फक्त कुणी लिहून ठेवलं नाही.

पहिल्या पावसाळ्यात आमचं उत्पन्न म्हणाल तर फार नाही. अंगणवाडीला थोडी पालेभाजी दिली, घरोघरी शेवगा गेला, आठवडी बाजारात तीनदा टोपली नेली. खर्च वजा जाता गटाच्या खात्यात चौदाशे रुपये पडले. दोन वाफे पाण्याअभावी जळाले. गाजरगवत पुन्हा उगवलंच, ते अजून काही वर्षं उगवणार, कारण त्याचं बी मातीत वाट बघत पडून राहतं. दर पंधरवड्याला पाळीनं उपटायचं, एवढाच त्यावर उपाय.

आणि जुलैत एक दिवस, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, विहिरीच्या कठड्यापाशी मातीतून दोन कोवळे कोंभ आले. तोंडल्याचे. त्या वेलाला जमिनीत कंद असतो. आम्ही वरचं तोडलं होतं, खालचं राहिलं होतं. आजींना धरून आणलं. त्या वाकल्या, बोटानं पान उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "हाच तो."

मैत्रिणींनो, आता तुमचं काम. एक वही घ्या. आपल्या परड्यात, गावठाणात, बांधावर काय काय उगवलंय ते लिहा. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजींना विचारा की हे कुणी लावलं. त्या सांगतील अमक्याची आई, तमक्याची बायको. तिथं थांबू नका. तिचं नाव विचारा, जमलं तर माहेरचंही, आणि ते लिहून ठेवा. मग आपल्या घराचा नमुना ८ काढून बघा, त्यात आपलं नाव आहे का. नसेल तर गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.

आणि हो, आजींना त्यांचं माहेरचं नाव आम्ही विचारलंय. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, त्यांनी स्वतः गिरवून.